घंट्यांच्या दुकानातला भोंपू

हसू नका, मित्रांनो. मी एक जुना भोंपू आहे, आणि माझा आवाज ऐकून हसणाऱ्यांची मला चांगलीच सवय आहे. मागे काळा रबरी फुगा, पुढे पितळेचं वाकडं तोंड, आणि फुगा दाबला की ‘पों’. याहून जास्त मला काही बोलता येत नाही. आज इतकं बोलायला बसलो आहे ते आयुष्यात पहिल्यांदाच, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यात, ठोकाठोकीच्या गदारोळात झाला. एका कारागिराने पितळेची नळी तापवून वाकवली, तिला कर्ण्यासारखं तोंड दिलं आणि आत एक पातळ पट्टी बसवली. तीच माझी जीभ. फुग्यातली हवा तिच्यावरून गेली की ती थरथरते आणि आवाज निघतो. कारागिराने मला पहिल्यांदा वाजवून पाहिलं तेव्हा शेजारी बसलेला दुसरा कारागीर दचकून म्हणाला, “रेडा शिरला काय रे आत?” ज्याचं बारसंच असं झालं, त्याने पुढे कौतुकाची काय अपेक्षा करावी?

पण कौतुक झालं बरं का! मला एका पाववाल्याने आपल्या सायकलला बसवलं. मागे मोठी टोपली, पुढे मी. सकाळी आमची स्वारी गल्लीत शिरली की खिडक्या पटापट उघडत. दूर तिसऱ्या मजल्यावरच्या बाईलाही कळे की पाव आला. घड्याळ बंद पडलं तरी चालेल, पण भोंपू चुकता कामा नये, असं लोक म्हणत. पाववाला रोज फडक्याने माझं तोंड पुसायचा आणि हवा गळू नये म्हणून फुग्याच्या गळ्याशी दोरा घट्ट आवळायचा. ते दिवस आठवले की अजून छाती भरून येते. म्हणजे फुगा भरून येतो म्हणा.

पुढे पाववाल्याचे गुडघे थकले. त्याने सायकल एका सायकलच्या दुकानात देऊन टाकली. सायकल मोडीत निघाली आणि मी तिथल्याच एका खिळ्यावर लटकलो.

त्या दुकानात काचेचं कपाट होतं आणि कपाटात घंट्या होत्या. चकचकीत, गोल, नाजूक. कुणी ‘ट्रिंग’ म्हणे, कुणी ‘टिंग-टाँग’, आणि एक विजेवर चालणारी तर पाखरासारखी किलबिल करी. गिऱ्हाईक आलं की दुकानदार आधी कपाट उघडायचे. माझ्याकडे कुणी वळलंच तर गंमत म्हणून. फुगा दाबायचा, खो खो हसायचं आणि घंटी घेऊन निघून जायचं. गिऱ्हाइकाचं लहान मूल रडायला लागलं की दुकानदार माझा फुगा दाबत आणि मूल जास्तच रडू लागे. मग तेही बंद झालं. माझ्या तोंडात एका कोळ्याने घर केलं. त्याला निदान माझ्या आवाजाची तक्रार नव्हती.

अशात एके दिवशी संध्याकाळी तिघं जण दुकानात आली. पुढे घाईघाईने आई, मागे तिची मुलगी आणि सगळ्यात शेवटी आजोबा. मुलीचा आवाज इतका बारीक की घरात तिला चिमणीच म्हणत. आजोबांचा एक हात प्लास्टरमध्ये होता आणि गळ्यात अडकवलेला होता. तरीही ते दारातल्या स्टुलावर ऐटीत बसले, रस्त्याकडे तोंड आणि आमच्याकडे पाठ करून.

“तुमच्याकडची सगळ्यात मोठ्या आवाजाची घंटी दाखवा,” आई म्हणाली. “सायकलला आहे ती कुचकामी आहे.”

“का हो, काय झालं?” दुकानदारांनी विचारलं.

“हिने आपल्या आजोबांनाच पाडलं,” आई म्हणाली.

“मी वाजवली होती घंटी!” चिमणीचे डोळे भरून आले. “खूप वेळ वाजवली. मला वाटलं, आजोबा बाजूला होतील. ते झालेच नाहीत. ब्रेक दाबेपर्यंत हँडल लागलं त्यांना.”

मग सगळी हकिगत कळली. आजोबांनी सगळी उमर छापखान्यात, यंत्रांच्या धडधडाटात काढली होती. आता रोज सकाळी ते एकटेच चालत कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानापर्यंत जात. दुकानासमोरच्या बाकावर छापखान्यातले जुने सोबती जमत. गप्पा, वर्तमानपत्र, एकमेकांची टवाळी. आजोबांचा सगळा दिवस त्या बाकावर उगवायचा. पण हात मोडल्यापासून घरच्यांनी त्यांना फाटकाबाहेर एकटं जायला बंदी केली होती. आज सायकल होती, उद्या मोटार असेल. आणि चिमणीच्या बाबांनी बजावलं होतं, “चांगली घंटी मिळाली तर ठीक, नाहीतर सायकल माळ्यावर.”

आईने आवाज खाली आणला. दुकानदार ओळखीचे होते, आणि तिच्या मनात बरंच साठलेलं होतं.

“खरं सांगू? घंटीने काही व्हायचं नाही. ऐकायचंच नाही असं ठरवलेल्या माणसापुढे पालथ्या घड्यावर पाणी. यांचा मुलगा आतल्या खोलीतून हाक मारतो तेव्हा लगेच ‘ओ’ देतात. मी शेजारी उभी राहून बोलले तर मान वळवत नाहीत. परवा कुकरजवळ बसवलं आणि म्हटलं, शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. कुकर ओरडून ओरडून थकला, हे आपले वाचत बसले. माझं म्हणून काही ऐकायचंच नाही त्यांना.”

हे बोलताना तिने पाठमोऱ्या आजोबांकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, पण रागापेक्षा दुखावलेपण जास्त होतं.

दुकानदारांनी विषय वाढवला नाही. त्यांनी कपाट उघडलं आणि घंट्यांची परीक्षा सुरू झाली. ट्रिंग. ट्रिंग-ट्रिंग. टिंग-टाँग. चिमणी वाजवी, आई नाक मुरडे, दुकानदार पुढची काढत. शेवटी किलबिलवाली निघाली. तिने असा काही कल्ला केला की समोरच्या शिंप्याने मान बाहेर काढून पाहिलं. मला तर वाटलं, आता काचा फुटणार.

“ही बरी आहे,” आई म्हणाली आणि दारापाशी जाऊन तिने आजोबांच्या खांद्याला हात लावला. ते वळले तशी ती म्हणाली, “बाबा, तुम्हाला कोणती पसंत पडली?”

आजोबांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. “आधी वाजवून तर दाखवा,” ते म्हणाले. “मघापासून नुसता वेळ काढताय.”

चिमणीने आईकडे पाहिलं, आईने दुकानदारांकडे. दुकानदारांनी किलबिलवाली पुन्हा उचलली, आजोबांच्या पाठीमागे गेले आणि अगदी कानाजवळ वाजवली. आजोबा शांतपणे नातीकडे बघत राहिले.

“काय झालं? असे काय बघताय सगळे?” त्यांनी विचारलं.

चिमणी मागे सरकली, तिची पाठ भिंतीला लागली आणि हात माझ्यावर पडला. तिने मला खिळ्यावरून काढलं. का काढलं ते तिलाही सांगता यायचं नाही. आजोबा पुन्हा रस्त्याकडे वळले होते. तिने फुगा दाबला. आधी धूळ उडाली, मग तो बिचारा कोळी बाहेर पडला आणि मग माझा जुना, घोगरा आवाज निघाला.

‘पों!’

आजोबा ताडकन वळले. “हा कुठून आला? आमच्या लहानपणी पाववाल्याकडे अस्साच होता!”

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्या आवाजाला कुणी इतकं प्रेमाने दचकलं नव्हतं. चिमणीने मला पुन्हा दाबलं, आजोबांच्या मागून, लांबून, दाराआडून. प्रत्येक वेळी ते वळले. घंटी वाजली की नाही, मी वाजलो की हो. आजोबांना जाड आवाज ऐकू येत होते, समोरच्याचे ओठ पाहून बोलणंही कळत होतं. बारीक आवाज तेवढे त्यांच्यापर्यंत पोचत नव्हते. घंटी, कुकरची शिट्टी, चिमणी. आणि आई.

आई आजोबांसमोर येऊन उकिडवी बसली. “बाबा, तुम्हाला खरंच ऐकू येत नव्हतं? मला का नाही सांगितलंत?”

“मला कुठे माहीत होतं?” आजोबा गोंधळून म्हणाले. “मला वाटायचं, हल्ली सगळे पुटपुटतात. आणि तू… तू लग्न होऊन आलीस तेव्हा घरभर बोलत असायचीस. पुढे पुढे तू माझ्याशी बोलायचंच सोडलंस. मी म्हटलं, आपलंच काहीतरी चुकलं असेल. कशाला विचारून अवघड करायचं?”

आईला रडू कोसळलं. मग रडता रडताच तिला हसू आलं. एकाच घरात दोघं जण इतकी वर्षं एकमेकांवर रुसून बसली होती आणि दोघांनाही रुसव्याचं कारण ठाऊक नव्हतं! दुकानदार उगाचच एक साफ घंटी पुसत बसले. जाताना आईने कपाटाकडे पाहिलंही नाही. मला हातात घेऊन ती म्हणाली, “हाच द्या.”

कानाच्या डॉक्टरांनीही पुढे तेच सांगितलं. छापखान्यातल्या धडधडाटाने कान झिजले होते आणि वाढत्या वयाने उरलेलं काम पुरं केलं होतं. आजोबांना कानात घालायचं यंत्र मिळालं. घरात ते वापरतात, पण रस्त्यावर वारा सुटला की ते कुरकुर करतं, म्हणून बाहेर पडताना खिशात ठेवतात. तेव्हा रस्त्यावर सगळा भार माझ्यावरच.

पण चिमणीच्या बाबांचं अजून समाधान झालं नव्हतं. ते म्हणाले, “दुकानातलं दुकानात. रस्त्यावर काय होतं ते बघू, मगच बंदी उठेल.”

मग प्लास्टर निघाल्यावर एका सकाळी आमची परीक्षा ठरली. आजोबा काठी घेऊन गल्लीतून चालू लागले. आई आणि बाबा फाटकाशी उभे राहिले. चिमणी सायकलवर बरीच मागे, आणि हँडलला मी. फुगा जुना, त्यावर बारीक तडे. आज मी दगा दिला तर आजोबांचा बाक गेला आणि चिमणीची सायकल माळ्यावर गेली.

चिमणी निघाली. अंतर कमी झालं. तिने फुगा दाबला.

‘फुस्स.’

तड्यातून हवा गळत होती. फाटकातून आईची किंचाळी ऐकू आली. चिमणीने करकचून ब्रेक लावला, वेग कमी केला, तळव्याने तडा झाकला आणि सगळा जीव एकवटून मला दाबलं. मीही होता नव्हता तेवढा श्वास पणाला लावला.

‘पोंऽऽऽ!’

आजोबांनी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. ते सावकाश रस्त्याच्या कडेला झाले आणि त्यांनी काठी उंचावून ‘जा पुढे’ अशी खूण केली. आम्ही त्यांच्या शेजारून पुढे गेलो तेव्हा ते गालातल्या गालात हसत होते. फाटकाशी बाबांनी सुटकेचा मोठा निःश्वास टाकला. आई तिथल्या तिथे पायरीवर बसली आणि म्हणाली, “जीव भांड्यात पडला गं बाई!” आजोबा मात्र थांबले नाहीत. ते तसेच चालत बाकापर्यंत गेले आणि दुपारी जेवायच्या वेळेलाच परतले.

त्याच आठवड्यात मला नवा फुगा मिळाला, लालभडक. जुन्या तोंडाला तो शोभत नाही, पण दम भारी आहे. चिमणी माझं तोंड पुसते आणि ऊन आलं की सायकल सावलीत लावते, कारण रबर उन्हाने तडकतं. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर तुम्हीही एवढं करा, मित्रांनो. आणि कुणी आपलं ऐकत नाही असं वाटलं, तर रुसून बसण्याआधी एकदा त्याच्यासमोर जाऊन उभे राहा.

आता सांगतो ते कालचं आहे. संध्याकाळी आजोबा अंगणाच्या टोकाला झाडांना पाणी घालत होते. यंत्र खिशात. आईने स्वयंपाकघरातून हाक मारली, “बाबा, चहा झालाय!” उत्तर नाही. पूर्वी अशा वेळी ती ओठ घट्ट मिटून आत निघून जायची. काल ती पदराला हात पुसत बाहेर आली, सायकलपाशी थांबली आणि तिने माझा फुगा दाबला.

आजोबांनी मागे न वळताच झारी खाली ठेवली आणि मोठ्याने ओ दिली, “आलो गं, सूनबाई!”