कार्डावर एकच माणूस

पालीच्या पोस्टमनने लिफाफा हातात दिला तेव्हा काशीराम धनावडे ओटीवर बसून सुपारी कातरत होता. लिफाफ्यावर नाव बायकोचं होतं, प्रेमलाचं. पण काशीरामाने तो बेधडक फोडला. त्याचा हिशेब सरळ होता: बायकोच्या नावाने आलं ते घराला आलं, आणि घर म्हणजे आपण. रेशनकार्ड नाही का प्रेमलाच्या नावावर? पण दुकानात थैली घेऊन मिरवतो कोण?

आतून निघालं एक सोनेरी कार्ड. पिवळंधमक, वर प्रेमलाचं नाव कोरलेलं.

झालं होतं असं की गेल्या वर्षभरात प्रेमलाने दोन बाळंतपणं केली. स्वतःची नव्हे हो, पोरांची. मुलगी वेदिका मेलबर्नला नर्स, तिच्याकडे चार महिने. तिथून परत येऊन आंबे उतरवते न उतरवते तोवर सुनेचे दिवस भरले, म्हणून मुलाकडे, प्रज्ञेशकडे टोरांटोला पाच महिने. दोन्ही विमान कंपन्या वेगळ्या, पण दोघी एकाच युतीतल्या. वेदिका हुशार, तिने आईचा एकच सभासद नंबर दोन्हीकडे टाकला आणि उडालेले सगळे मैल एका खात्यात गोळा केले. नातवंडांना तेल चोळता चोळता प्रेमलाचं सोनं झालं. काशीराम मात्र विमानात अजून एकदाही बसला नव्हता. गुरं कोण बघणार, म्हणून तो दोन्ही वेळा मागे राहिला होता.

आता गुरं शेजाऱ्यांकडे सोपवून बसणार होता. डिसेंबरात मेलबर्नच्या नातीचा पहिला वाढदिवस होता आणि वेदिकाने तिघांची तिकिटं काढली होती: आई, बाबा आणि गोदाबाय. गोदाबाय म्हणजे काशीरामाची थोरली वहिनी. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. वेदिकाला अर्धी तिनेच वाढवली.

वेदिकाने फोनवर सांगितलं की या कार्डावर विमानतळावरच्या लाउंजमध्ये जाता येतं, तिथे मऊ खुर्च्या, हवं तेवढं खाणंपिणं, पैसा द्यायचा नाही. काशीरामाचे कान टवकारले. तो एकतीस वर्षं रत्नागिरी डेपोत कंडक्टर होता. पास, सवलत, अर्धं तिकीट हे त्याचं रक्त. त्याने नियमावली मागवली, पालीत झेरॉक्सच्या दुकानात अठरा पानं छापून घेतली, आणि शब्दकोश घेऊन आठवडाभर वाचली. मग संध्याकाळी वाडीतली माणसं ओटीवर जमली की त्याचं पुराण सुरू व्हायचं.

युती म्हणजे काय, तर भावकी. कंपन्या नऊ, चुली नऊ, पण मान एक. एका घरात तुम्हाला मानाचा पाट मिळाला की बाकीच्या आठ घरांनी तो द्यायलाच हवा, नाहीतर रुसवा. तुमचा मान वर्षभराचा. पुढच्या वर्षी तेवढं उडला नाहीत तर शिमग्याच्या पालखीला खांदा द्यायलासुद्धा बोलावणार नाहीत. लोक माना डोलवायचे. आणि मग ओघाओघाने त्याची ती जुनी गोष्ट यायचीच.

ती गोष्ट तालुक्याला पाठ होती. एकदा पाली-रत्नागिरी गाडीत त्याची स्वतःची बायको चढली. कर्मचाऱ्याच्या घरच्यांचा पास असतो, तो ती घरी विसरली होती. काशीरामाने काय केलं? खट्‌ करून फुल तिकीट फाडलं. "नियम म्हणजे नियम. बायको झाली म्हणून काय झालं!" लोक हसायचे, वा वा करायचे. एवढी गोष्ट झाली की प्रेमला उठून आत जायची. चहा ठेवायला जाते, असं काशीरामाला बत्तीस वर्षं वाटत होतं.

तर काशीरामाने सगळ्यांना सांगून टाकलं होतं की आम्ही तिघं मुंबईच्या विमानतळावर राजासारखे जेवणार. आपल्याकडे आमंत्रण दोन तऱ्हेचं: एक चूलबंद, म्हणजे घरातल्या सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी चूल पेटवायची नाही. आणि दुसरं घरटी माणूस, म्हणजे घरातल्या एकानेच जायचं. काशीरामाने हे चूलबंद धरलं होतं. पण अकराव्या पानावर त्याचं बोट अडकलं. कार्डधारकाबरोबर एकच पाहुणा. त्याचं विमानही त्याच दिवशीचं आणि युतीतलंच हवं. एकदा नेलेला पाहुणा बदलता येणार नाही.

म्हणजे घरटी माणूस.

तरी तो फारसा घाबरला नाही. घरटी माणूस म्हटलं की कोण जातो हे कुणी विचारतं का? घरधनीच जातो. दोन दिवस तो निर्धास्त होता. तिसऱ्या दिवशी त्याला खालची बारीक ओळ दिसली: पाहुणा कोण, हे कार्डधारक ठरवील. कार्डधारक म्हणजे प्रेमला. काशीरामाने चष्मा पुसून ओळ पुन्हा वाचली. ती तशीच होती.

त्याने रात्री जेवताना सहज म्हणून विषय काढला. प्रेमला भात वाढत म्हणाली, "बघू."

हे "बघू" काही त्याला पचलं नाही. वाडीभर डंका पिटून झालेला, आणि आता दारातून परत यायचं म्हणजे नाक कापलं जाणार. दुसऱ्या दिवसापासून काशीरामाचं वागणं असं बदललं की विहिरीवरच्या बायकांना वाटलं, म्हाताऱ्याला देवाने दर्शन दिलं. सकाळचा चहा तो करू लागला. नारळ सोलून ठेवू लागला. पालीच्या बाजारातून बांगडे आणले आणि स्वतः साफ केले. मांजराने खाल्ले त्याहून जास्त त्याने वाया घालवले, पण केले. प्रेमला ताटातला बांगडा उलटून बघायची आणि म्हणायची, "पोटातली घाण राहिलीय." लाउंजचं विचारलं की "बघू."

मग त्याने दुसऱ्या बाजूने घुसून पाहिलं. गोदाबायकडे जाऊन सांगितलं की वहिनी, लाउंजमध्ये फार गारठा असतो, आणि जेवण कसलं, सगळं फिकं, कुठल्या जनावराचं मटण ते कळत नाही. गोदाबायने शांतपणे विचारलं की मटण खायला ती कधीपासून घाबरते. मग ओट्याची कड चाचपत तिने आणखी एक विचारलं. तिथे जेवल्यावर भांडी कोण घासतं?

"तिथलीच माणसं घासतात," काशीराम बोलून गेला.

सत्तर वर्षांच्या गोदाबायने लग्नात, बारशात, गणपतीत कधी पहिल्या पंगतीला बसून पाहिलं नव्हतं, आणि प्रत्येक पंगतीची भांडी तिच्याच वाट्याला आली होती. ती नुसती समोरच्या माडाकडे बघत राहिली. प्रेमला पलीकडच्या अंगणात कुळीथ पाखडत होती, तिचं सूप तेवढ्यापुरतं थांबलं. काशीरामाच्या ते ध्यानात आलं नाही. त्याला वाटलं, वहिनीचा काटा आपण काढला.

तर असे तिघे मुंबईच्या विमानतळावर पोचले. काशीरामाने नवा सदरा घातला होता, केसांना तेल लावून भांग पाडला होता, आणि अठरा पानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून काखेत धरली होती. लाउंजच्या दारात एक मुलगी टेबलामागे बसली होती, नावाची पट्टी लावलेली: सानवी. तिने प्रेमलाचं कार्ड यंत्राला लावलं, तर यंत्र गोड वाजलं. ती म्हणाली, "मॅडम, तुमच्यासोबत एक गेस्ट येऊ शकतो."

मॅडम! काशीराम पुढे सरसावला. आपणच ते, हे तिला कळावं म्हणून तो तिला कौतुकाने सांगू लागला की मीही याच लाइनीतला, एकतीस वर्षं एसटीत होतो, विनापास कुणाला सोडलं नाही, अहो, हिचंसुद्धा तिकीट फाडलंय मी पालीला. सानवी हसली.

प्रेमला मात्र आत गेली नाही. चहा ठेवायला इथे स्वयंपाकघर नव्हतं.

"पुढचंही सांगा की तिला," ती म्हणाली.

"पुढचं काय?"

"सातवा महिना होता मला. सिव्हिल हॉस्पिटलला निघाले होते. पालीपासून रत्नागिरीपर्यंत उभी होते. आणि दाराशेजारची तुमची कंडक्टरची सीट सगळा वेळ रिकामी होती."

एवढं बोलून तिने गोदाबायचा हात धरला. "ह्या माझ्या पाहुण्या," सानवीला म्हणाली, आणि काचेचं दार उघडून दोघी आत गेल्या.

काशीराम बाहेर राहिला. समोर खुर्च्यांची लांब रांग होती, निम्म्याहून जास्त रिकामी. तो तिकडे गेला, आणि बसणार तेवढ्यात थांबला. त्याला ती दुपार आठवली, जी तो इतकी वर्षं तिकिटापाशीच संपवत आला होता. गाडीत दाटी होती. प्रेमलाचा एक हात वरच्या दांड्याला, दुसरा पोटावर. हातखंब्याच्या तिठ्यावर ड्रायव्हरने ब्रेक मारला तेव्हा ती हेलपाटली होती, आणि त्याने ते पाहिलं होतं. पाहिलं होतं! स्वतःची सीट द्यावी असं मनात आलंही होतं. पण लोक म्हणाले असते, कंडक्टरने बायकोला बसवलं. म्हणून तो तिकिटाचा चिमटा वाजवत सगळ्यांवर ओरडला होता, पुढे सरका, पुढे सरका. तिच्यावरसुद्धा.

त्याला लाज वाटली. साठी उलटल्यावर, नव्या सदऱ्यात, भर विमानतळावर चांगली कान तापेपर्यंत लाज वाटली. बांगडे काय साफ करत होता तो!

त्याने अठरा पानांची पिशवी खुर्चीवर ठेवली आणि स्वतः खांबाशी उभा राहिला. पाठ न टेकता. एका भल्या माणसाने शेजारची रिकामी खुर्ची दाखवली, तर त्याने मान हलवून नको म्हटलं. गुडघे कुरकुरायला लागले. समोर विमानं येत होती, जात होती. त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

बऱ्याच वेळाने काचेचं दार उघडलं आणि प्रेमला एकटीच बाहेर आली. गोदाबाय आत दुसरं ताट घेऊन बसली होती, आणि रिकामं पहिलं ताट एक पोरगा उचलून घेऊन गेला ते तिने मान वळवून शेवटपर्यंत पाहिलं होतं. प्रेमलाने हे सांगितलं आणि पदराने डोळे टिपले.

"तू जेवलीस?" काशीरामाने विचारलं.

"चहा घेतला." तिने रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तो का उभा आहे हे तिने विचारलं नाही. ओठांवरचं हसू दाबत ती म्हणाली, "गाडी कुठवर आली?"

पाली-रत्नागिरीचे थांबे पाठ असलेल्या काशीरामाला घड्याळ बघावं लागलं नाही. "खेडशी गेली. आता कुवारबाव."

प्रेमला पिशवीशेजारच्या खुर्चीवर ऐसपैस बसली. बॅगेतून तिने डबा काढला, घरून आणलेला. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. झाकण उघडताच चार खुर्च्यांवरच्या माणसांनी नाकं वर केली. काशीरामाच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. त्याने हात पुढे केला.

"मारुती मंदिराचा थांबा आला की बसा," प्रेमला भाकरी मोडत म्हणाली, "तोवर जरा पुढे सरका, वाट अडवलीत लोकांची."

काशीराम पुढे सरकला.