आठ माणसांचे बाक

मित्रांनो, माझ्या सहा पायांपैकी पाच खानापूरच्या सागवानाचे आहेत आणि सहावा बाभळीचा. निपाणीच्या बाहेर, बेळगावच्या रस्त्याला लागून ख्रिस्ती मंडळींचे एक लहानसे कौलारू प्रार्थनामंदिर आहे. तिथले मी एक जुने बाक आहे. जुने बाक बोलू लागले म्हणजे ते कुरकुरणार, असे तुम्हाला वाटेल. मी कुरकुरणार नाही. मला भांडायचे आहे.

बेचाळीस वर्षांपूर्वी, म्हणजे एकोणीसशे पाच साली, बेळगावात मिशनच्या कारखान्यात शामू नावाच्या कारागिराने मला घडवले. शामू जातीने सुतार नव्हता. त्याच्या जातीच्या माणसांच्या हाती गावात रंधा कुणी दिला नसता. मिशनमध्ये तो काम शिकला आणि असा शिकला, की त्याने बसवलेल्या सांध्यात नख शिरत नसे. त्याने मला आठ माणसे बसतील एवढे लांब केले. तेव्हा तिथल्या मंडळीतले दोन वजनदार गृहस्थ पाहायला आले. ख्रिस्ती होऊन त्यांना वीस वर्षे झाली होती, पण शेजारी कोण बसतो याकडे त्यांचे अजून लक्ष असे.

"शामू, मधी एक हात बसव," त्यांतला एक म्हणाला. "दोन भाग पडले म्हंजी बरं."

शामूने माझ्यावरून तळवा फिरवला. "ह्या लाकडाला मधी हात उगवलाच न्हाय, आण्णा. मी कुठनं आणू?"

एवढ्यावरून मी बेळगावला नकोसे झाले. मला बैलगाडीत घातले आणि हत्तरगी, संकेश्वर करत निपाणीला धाडले. माझ्या आयुष्याची सुरुवात अशी हाकलण्याने झाली. मला त्याचे कधी वाईट वाटले नाही.

निपाणीत माझे चांगले दिवस गेले. मंदिरात बारा बाके होती आणि रविवारी बाराही भरत. अठरा साली मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली तेव्हा आम्हा बाकांच्या खाटा झाल्या. माझ्यावर दोन रोगी डोक्याला डोके लावून निजत. बेळगावच्या मिशन दवाखान्यातून राजाबाई नावाची एक तरुण विधवा पंधरा दिवसांसाठी शुश्रूषेला आली. साथ गेली, पण राजाबाई परत गेली नाही. घरोघर फिरून ती बायकांची बाळंतपणे करी, कुणाला औषध देई, कुणाला शुभवर्तमान वाचून दाखवी. रस्त्याने जाणारे लोक मंदिराकडे पाहून हात जोडत. ते देवाला जोडत की राजाबाईला, हे मला सांगता येणार नाही.

मग काळ बदलला. नगरपालिकेचा दवाखाना निघाला, सरकारी शाळा वाढल्या. आमच्या मंडळीतली शिकलेली मुले नोकरीसाठी कोल्हापूरला, पुण्याला गेली आणि तिकडची झाली. समोरच्या चहाच्या हॉटेलात वर्तमानपत्र मोठ्याने वाचत आणि आमच्याकडे बघून म्हणत, "आता विज्ञानाचं युग आलंय. देवाचं काम सरलं. त्यात ह्यांचा देव तर बोटीतनं आलेला!" हे बोलणारे वाईट नव्हते. त्यांतल्या कितीतरी जणांना मानमोडीत राजाबाईने पेज भरवली होती. ते विसरले होते, इतकेच. बारापैकी दहा बाकांवर धूळ बसू लागली.

आमचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, सिद्राम. ते याच मुलखातले, हळू बोलणारे, स्वतःच्या हाताने बाके पुसणारे. त्यांची एकुलती एक मुलगी इंदुताई बी. ए. होऊन निपाणीच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली होती. एका शनिवारी दुपारी सिद्राम मला तेल लावत होते. इंदुताई आली आणि माझ्या टोकाला बसली.

"आप्पा, एक सांगू? रागावू नका."

"सांग की."

"मला आता प्रार्थना करता येत नाही. डोळे मिटते, पण समोर कुणी आहे असं वाटत नाही. लोक बघतात म्हणून खोटं बसायचं जिवावर येतं."

सिद्रामांचा तेलाचा हात जागच्या जागी थांबला. राजाबाई कोपऱ्यात झाडू मारत होती. ती न वळताच म्हणाली, "मग खोटं बसू नगंस, पोरी. नुसतं बस. बाकाला काय कळतंय तुझ्या मनातलं?"

मित्रांनो, मला सगळे कळत होते. पण मी तिचे वजन तेवढ्याच मनापासून पेलले.

सिद्राम एवढेच म्हणाले, "येत जा, इंदू." ती रविवारी यायची थांबली.

आता जे सांगते ते एकेचाळीस सालच्या उन्हाळ्यात घडले. निपाणीत मारुतीराव नावाच्या व्यापाऱ्याची तंबाखूची मोठी वखार होती. तिथे बायका दिवसभर तंबाखू कुटत आणि चाळत. जर्दा उडून जाऊ नये म्हणून खिडक्या बंद ठेवत. त्या धुरळ्यात यल्लव्वा नावाची सहा महिन्यांची गरोदर बाई चक्कर येऊन पडली. मुकादमाने तिला उचलून बाहेर उन्हात ठेवले आणि दार लावून घेतले. दोघी बायकांनी तिला राजाबाईकडे आणले. यल्लव्वाला माझ्यावर निजवले. ती वाचली, पण तिचे मूल गेले.

दुसऱ्या दिवशी चाळीस बायका कामावर गेल्या नाहीत. त्यांचे मागणे थोडके होते. खिडक्या उघडा, आत पिण्याच्या पाण्याचा माठ ठेवा आणि बरी झाल्यावर यल्लव्वाला परत घ्या. पण हे बोलायला एकत्र बसायचे कुठे? धर्मशाळेने दार लावले. शाळेच्या हेडमास्तरांनी हात जोडून नाही म्हटले. मारुतीरावांशी वैर कुणालाच नको होते. तीन दिवस त्या बायका ओढ्याच्या काठी उन्हात बसल्या.

चौथ्या दिवशी राजाबाईने सिद्रामांना मंदिर उघडायला सांगितले. मंडळीचे पंच आण्णाप्पा घाबरले. "पाळकसाहेब, आपलं काम उपासनेचं. ह्या भानगडीत पडायचं नव्हं. आपुन मूठभर मानसं."

सिद्राम म्हणाले, "आण्णाप्पा, रविवारी बारा बाकांवर आपण अकरा जण बसतो. बाकीची जागा कुणासाठी राखून ठेवलीया?"

दार उघडले. बायका आत आल्या आणि आधी जमिनीवरच बसल्या. राजाबाईने एकेकीला दंडाला धरून बाकांवर बसवले. शाळा सुटल्यावर इंदुताई आली आणि माझ्यावर कागद ठेवून त्यांचा अर्ज लिहू लागली. लिहिता लिहिता तिने हळूच विचारले, "राजाबाई, ह्यांना पवित्र शास्त्र वाचून दाखवणार का?"

"त्यांनी इचारलं तर. न्हाय इचारलं तर पानी दीन प्यायला."

दुसऱ्या दिवशी मारुतीराव स्वतः चार गडी घेऊन आले. दारातूनच गरजले, "काय पाळकसाहेब, बायकांस्नी बाटवायचा धंदा मांडलाय व्हय?"

सिद्राम काही बोलायच्या आत राजाबाई पुढे झाली. "मारुतीराव, हितं एकीच्याबी डोक्यावर बाप्तिस्म्याचं पानी पडलेलं न्हाय. आनि तुमच्या दारात यल्लव्वा पडली, तवा तिच्या तोंडावर मारायला पानी न्हवतं. आदी त्येचं बोला."

मारुतीरावांनी गड्यांना खूण केली. त्यांनी बाके उचलून रस्त्यावर टाकायला सुरुवात केली. माझी लांबी दारात मावेना. त्यांनी मला हिसका दिला आणि माझा एक पाय कडकन मोडला. आयुष्यात पहिल्यांदा मी मातीत तोंडघशी पडले.

गड्यांना वाटले, झाले. पण बायका पांगल्या नाहीत. यल्लव्वा अजून अशक्त होती. ती भिंतीला धरून बाहेर आली, तिने मला दोन बायकांच्या मदतीने सरळ केले आणि माझ्या मोडक्या टोकाला दगड लावून तिथेच बसली. तिच्या शेजारी इंदुताई बसली. मग राजाबाई, मग सिद्राम, मग आणखी चौघी. भर रस्त्यात, उन्हात, आठ जण. बाकीच्या बायका बाकीच्या बाकांवर. आणि सगळ्यांत शेवटी आण्णाप्पा आले, डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि अगदी मागच्या बाकावर जाऊन बसले.

बेळगावची मोटार आली आणि थांबली. उतारू खाली उतरून विचारू लागले. समोरच्या हॉटेलातला वर्तमानपत्र वाचणारा माणूस दारात उभा होता. मग तो आत गेला आणि पाण्याची घागर घेऊन आला. देवाचे काम सरले, असे म्हणणारा तोच. मारुतीराव आले तसे परत गेले.

दोन दिवसांनी वखारीच्या खिडक्या उघडल्या. माठ आला. यल्लव्वाला पुढे कामावर घेतले. दोघींना मात्र घेतले नाही. त्यांतली अक्काताई इंदुताईच्या शाळेत पाणी भरू लागली, दुसरी माहेरी गेली. हे खोटे गोड करून मी सांगणार नाही. पुढच्या आठवड्यात यल्लव्वाचा नवरा परसू आपल्या बांधावरची बाभूळ तासून घेऊन आला आणि त्याने मला नवा पाय बसवला. त्याचा रंग जुळत नाही. न जुळो.

रविवार आला. मंदिरात पुन्हा अकराच माणसे. आण्णाप्पांनी विचारलेच, "पाळकसाहेब, एवढं करून काय मिळालं? चाळिसातली एक तरी आली का?"

"गरज हुती तवा चाळीसच्या चाळीस आल्या," सिद्राम म्हणाले. "आज गरज न्हाय. त्याबद्दल आधी उपकार मानू या." आणि त्यांनी प्रार्थना सुरू केली.

गेल्या हिवाळ्यात सिद्राम वारले. यंदा बेळगावहून पत्र आले की, निपाणीत आता चारच कुटुंबे उरली आहेत, तेव्हा मंदिर बंद करावे आणि बाके पाठवून द्यावीत. लॉरी आली. अकरा बाके चढली. मला उचलायला माणसे वळली, तर माझ्यावर राजाबाई बसलेली. तिचे केस आता पांढरे झाले आहेत.

"उठा, राजाबाई," बेळगावहून आलेले गृहस्थ नम्रपणे म्हणाले.

"उठते की. कुणाला बसायला जागा द्यायची, ते सांगा. त्येच्यासाठी उठते."

निरोप मिळताच इंदुताई शाळेतून आली आणि राजाबाईच्या शेजारी बसली. त्या गृहस्थांना आश्चर्य वाटले. "बाई, तुम्ही तर उपासनेला येत नाही, असं ऐकतो."

"नाही येत," इंदुताई म्हणाली. "देवाचं माझं मला अजून कळलेलं नाही. पण हे दार बंद झालं, तर उद्याच्या यल्लव्वानं कुठं जायचं, तेवढं मला लिहून द्या. मी उठते."

गृहस्थांनी टोपी काढून हातात घेतली. तेवढ्यात वखारीची दुपारची सुट्टी झाली आणि यल्लव्वा पाच जणींना घेऊन आली. त्या सहाही जणी माझ्यावर बसल्या आणि आठही जागा भरल्या. गृहस्थ हसले. "बरं, वर्षभर पाहू," ते म्हणाले. अकरा बाके घेऊन लॉरी गेली. मी राहिले.

मित्रांनो, आता नवे राज्य येते आहे. सरकार दवाखाने काढील, शाळा काढील. जरूर काढो, हवे तेवढे काढो. पण मंदिराचे काम सरले असे मला कुणी सांगू नये. रविवारी किती डोकी मोजली यावर माझे काम ठरत नाही. शामूने मला डोकी मोजायला घडवलेले नाही. जोवर या रस्त्यावर कुणाला दारातून बाहेर काढले जात आहे, तोवर मी इथून हलणार नाही.

म्हणून एक सांगते. जुनी वस्तू म्हणून मला जपू नका, काचेत ठेवू नका, माझ्यावर फुले वाहू नका. दमला असाल, तर खुशाल बसा. आणि कुणी उभे दिसले, तर सरका.