ओटीला चिठ्ठी

"गंगूबाई आल्या, ताई. पाठवू का?"

इंटरकॉमवर गेटवरच्या वॉचमन जानरावकाकांचा आवाज, आणि त्यामागून मावशीचा, मुद्दाम मला ऐकू जाईल इतका मोठा. "इचारा, इचारा! लेकरू जन्मलं तवा काय गेटवर इचारून जन्मलं होतं?"

"पाठवा काका," मी हसत म्हटलं.

सव्वा महिना रोज सकाळी आठला हेच चाललं होतं. आजचा दिवस शेवटचा.

गंगूमावशी बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालते. शहराबाहेर तिच्या नवऱ्याची भाज्यांची वाडी आहे. तिथली मेथी तोडून, जुड्या बांधून झाल्या की ही निघते. वाशिमात किती बाळं तिच्या पायांवरून गेली ते तिलाही सांगता येणार नाही. मला आई नाही, त्यामुळे माझं बाळंतपण सासरीच झालं, रिसोड रस्त्याच्या या आमच्या सोसायटीत. छत्तीस घरं, भोवती उंच भिंत आणि एकच गेट.

पाय पसरून तिनं बाळाला नडग्यांवर घेतलं. कोमट तिळाचं तेल, मग डाळीचं पीठ आणि साय. उजवा हात डाव्या पायाला, डावा हात उजव्या पायाला लावून ती त्याला घडी घातल्यासारखं दुमडायची. पहिल्या आठवड्यात माझा जीव वरखाली व्हायचा. आता बाळच तिच्याकडे बघून तोंडाचा चंबू करायचं.

"पान्याचं मोठं सुख हाय बाप्पा इथं," बादलीत हाताची मागची बाजू बुडवून ती म्हणाली. "जुन्या मोहल्ल्यात नळ येईलोक वाट पायतो मी. अर्ध्या बादलीत न्हाऊ घातले लेकरं. अन् इथं नीज पाय कशी लागते त्याले. ना डीजे, ना ट्रॅक्टर. मोठा झाला का सायकल घेऊन रस्त्यावर सोडून दे खुशाल."

"पण रोज थैली दाखवावी लागते ना तुला, मावशी."

"मंग? दाखवतो."

तेवढंच बोलली. पण मी गॅलरीतून रोज बघत होते. बाहेर जाताना कामवाल्या बायांच्या थैल्या तपासायच्या, असा नियम आहे. जानरावकाका शिरपूरचे, त्यांच्या दोन्ही नाती मावशीच्याच हातच्या. तिची थैली उघडायची म्हटलं की त्यांची मान खाली जायची. म्हणून त्यांनी मागायच्या आतच ती थैलीचं तोंड उघडून त्यांच्यापुढे धरायची आणि त्यांच्या गुडघ्याची चौकशी करायची. त्यांना लाजायला वेळच द्यायची नाही.

या नियमासाठी हात वर करणाऱ्यांत मी होते. मागच्या दिवाळीत एका घरातून समई गेली. मिटिंग झाली तेव्हा मला पाचवा महिना होता आणि उगाच कशाचीही भीती वाटायची. थैल्या तपासायच्या, आणि काही सामान बाहेर न्यायचं तर घरमालकाची चिठ्ठी लागेल. मी हात वर केला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे मावशी नव्हतीच. कुणाचाच चेहरा नव्हता.

न्हाणं आटोपलं. बाळाला नवऱ्याकडे, ऋषिकेशकडे दिलं, मी साडी नेसले. मावशीला पाटावर बसवून कुंकू लावलं आणि तिची ओटी भरली. गहू, नारळ, खण, हिरवी साडी. तिनं सगळं पदरात घेऊन कमरेशी गाठ मारली, बाळाची दृष्ट काढली आणि गेली.

पाच मिनिटांत इंटरकॉम वाजला. "ताई... चिठ्ठी लागते. बाईंच्या पदरात सामान हाय."

मी वही-पेन घेऊन धावले. गेटपाशी मावशी पोट सांभाळून उभी असावी तशी ओटी धरून उभी होती. सेक्रेटरी वैजयंतीताईही फिरून येता येता थांबल्या होत्या.

"गंगूबाई, तुमच्यावर संशय नाही हो," त्या म्हणत होत्या. आवाजात खरंच अवघडलेपण होतं. "पण आज तुम्हाला सोडलं तर उद्या दुसरीला कसं अडवायचं?"

"बरोबर हाय ताई तुमचं. लेकरं हायेत आत. नियम पायजेच."

मी घाईनं लिहायला घेतलं. मावशीनं वहीवर हात ठेवला.

"काय लिवून राह्यली?"

"दोनच ओळी, मावशी. साडी, नारळ, गहू मी दिले म्हणून."

"ओटीचं लिवून देतात काय वं?" ती हसली, पण हात उचलला नाही. "तीस वर्सं झाले, घराघरातून ओटी घेऊन निंगालो. असं कोनी लिवलं नाई अजून."

जानरावकाका भिंतीकडे बघत होते.

"भाऊ, तुमी काहून तोंड पाडून राह्यले? नोकरी हाय तुमची." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "निकू, पदर पसर."

"मावशी, नको..."

"पसर म्हन्तो ना."

तिनं कमरेची गाठ सोडली. आधी गहू माझ्या पदरात ओतले, एक दाणा खाली पडू न देता. मग नारळ, खण. वर साडी ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवला.

"माय नाई तुले. मायेरची ओटी कोनं भरली नाई तुयी. ते राह्यलंच होतं." तिनं बोटं माझ्या कपाळाला लावून कानशिलावर मोडली. "आता हे भिंतीच्या आतच राह्यते. मंग चिठ्ठी कायले पायजे?"

ओटी घेणारीनं देणारीला त्यातले चार दाणे परत द्यायचे असतात. मला सुचलं नाही. तिनंच माझ्या पदरातले चार गहू चिमटीत उचलले आणि वैजयंतीताईंना विचारलं, "यवढं चालते ना, ताई?"

वैजयंतीताईंनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

चार दाणे पदराच्या टोकाला बांधून ती निघाली. नऊला तिला दुसरं बाळ होतं, तिकडे पाणी तापत ठेवलेलं असणार. रस्त्याला लागल्यावर तिनं एकदा वळून पाहिलं आणि हातानंच खुणावलं, की घरात जा, वारं लागेल.

मला वाकून नमस्कार करायचा होता. पण गहू सांडले असते. दोन्ही हातांनी पदर धरून मी गेटच्या आत तशीच उभी राहिले.