मागची नाव

एनॉकने दोर इतका आखडून बांधला की मागच्या नावेचं नाक इंजिनाच्या नावेला टेकलं. असं बांधलं की रिकामी नाव मुकाट मागून येते, तिच्या सुकाणूवर माणूस लागत नाही. माणूस होतं कुठे? बायकोला, लीआला, माती देऊन फार दिवस झाले नव्हते. दोन्ही नावा कंपनीच्या, आणि तिचं म्हणणं सरळ होतं: सुकाणूवर कुणी नसेल तर दुसरी नाव परत करा. कालव्याच्या पुढच्या फाट्याला उजवीकडे कोळशाच्या खाणी, जिथे माल भरायचा; डावीकडे कंपनीचा धक्का, जिथे नाव परत द्यायची. एनॉक डावीकडे निघाला होता.

घर म्हणायचं ते त्या मागच्या नावेच्या खोलीतच. ते जाणार याचं वाईट वाटायला हवं, हे त्याला कळत होतं. पण वाटत काहीच नव्हतं.

लॉकमध्ये, नावा खालीवर करायच्या दरवाजेबंद हौदात, शिरताना दोर सोडून त्याने दोन्ही नावा शेजारीशेजारी घेतल्या. काठावर सासू उभी होती. गुडघे गेले तशी केतुरा नावेवरचं राहणं सोडून तिथेच खोली करून राहिली होती.

"बशा न्यायला आलेय," ती म्हणाली. "माझ्या पोरीच्या बशा त्या धक्क्यावरच्या मेल्यांच्या हाती नकोत."

"न्या, आई."

"चूल कधी पेटवली होतीस?"

"पेटवीन आज."

"पेटवशील, डोंबल तुझं."

कण्हत ती मागच्या नावेत उतरली. एनॉकने झडपा उघडल्या. पाणी उतरू लागलं, तशा दोन्ही नावा ओल्या भिंतींमधून खाली गेल्या. मागच्या नावेच्या धुराड्यातून धूर निघाला.

केतुरा बाहेर आली ती बशा न घेताच. कमरेला लीआचा एप्रन होता. तिने पलीकडून चहाचा मग पुढे केला.

"गरम आहे तोवर पी."

त्याने घोट घेतला. जीभ पोळली. दरवाजे उघडले, तसा तो पुन्हा दोर आखडायला वाकला.

"लांब सोड," केतुरा म्हणाली.

"आई, तुमचे गुडघे..."

"सुकाणू काय गुडघ्यांनी धरतात? लांब सोड म्हणते ना. तुझ्या इंजिनाचा धूर खात मी उभी राहायची नाही."

एनॉकने आखडलेला दोर ढिला केला. मग सोडत राहिला, लीआ सुकाणूवर असताना लागायचा तेवढा.

फाटा आला. मागे न बघता, लीआला वळायची खूण करायचा तसा, त्याने उजवा हात वर केला. दोर ताणला गेला, आणि मागची नाव उजवीकडे वळली.