टाळता येण्याजोगा खर्च

जगन आडे जवळा बाजारच्या स्टँडवर उतरला तेव्हा त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. एम. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला त्यानं गावच्या कापसाच्या जिनिंगवर प्रकल्प केला होता आणि सरांनी भर वर्गात त्याची पाठ थोपटली होती. त्याचा बाप लखमा त्याच जिनिंगवर हमाल. बापाच्या सगळ्या जोडीदारांचं तोंड गोड करावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

फाटकासमोर हमाल घोळक्यानं उभे होते. ऐन हंगामात, भर दुपारी आतली यंत्रं गप्प होती. असं का, हा विचार त्याच्या मनात पुरता येण्याआधीच कुणीतरी ओरडलं, "आला बघा हिशेबवाला!"

पहिला दगड कानाला चाटून गेला. दुसरा कपाळावर बसला.

झालं होतं ते असं. अ‍ॅडव्हान्स्ड मॅनेजमेंट अकाउंटिंग हा जगनचा जीव की प्राण विषय. सरांचं म्हणणं, पुस्तकातले कारखाने सोडा, खरा कारखाना गाठा. लखमानं मालकाच्या हातापाया पडून पोराला ऑफिसात बसायची परवानगी काढली. जगन महिनाभर बसला. एखादं काम बंद केलं तर कोणता खर्च वाचतो आणि कोणता तसाच अंगावर राहतो, हे त्यानं वेगवेगळं काढलं. ढिगावरचा कापूस माणसांच्या डोक्यावरून यंत्रापर्यंत नेण्याऐवजी सरकता पट्टा बसवला तर फायद्याचं, असं उत्तर आलं. बरोबर आलं. सगळे हमाल मिळून कागदावर एक ओळ झाली होती आणि त्या ओळीला नाव होतं, टाळता येण्याजोगा खर्च. त्या ओळीत आपला बाप आहे, हे जगनला कळत नव्हतं असं नाही. पण उत्तर जुळल्याचा आनंद इतका मोठा होता की त्यानं त्यापुढं विचारच केला नाही. उपकाराची फेड म्हणून त्यानं एक प्रत मालकाला नेऊन दिली.

धाकट्या मालकानं आज सकाळी हमालांना उभं करून सांगितलं, पुढच्या हंगामापासून पट्टा बसणार. वर म्हणाला, "मी न्हाई म्हणत, तुमच्याच तांड्याच्या पोरानं हिशेब करून दिलाय." आणि फाटकाआड जाऊन बसला.

आता भावसिंग मुकादम पुढं आला. पोती ओढायचा लोखंडी आकडा त्याच्या मुठीत होता. जगन त्याला लहानपणापासून काका म्हणायचा. भावसिंगनं आकडा त्याच्या शर्टात अडकवून हिसका दिला. कापड फाटलं आणि त्याखाली खांद्याची कातडीही.

"त्या कागदात माझं नाव हाय का?"

"नाव नसतं काका. तो फक्त अभ्यास..."

"मंग काय असतं?"

भावसिंगनं त्याच्या तोंडावर उलट्या हाताची मारली. दाताखाली ओठ फाटला. मग बाकीचे तुटून पडले. पाठीत लाथा बसल्या, बरगडीत कुणाचं तरी ढोपर बसलं. पेढे मातीत पडून तुडवले गेले. फाटकाआडून धाकटा मालक बघत होता, त्यानं कडी काही काढली नाही. खाली पडलेल्या जगनला एवढंच दिसलं की प्रभू नावाच्या दांडग्या हमालानं दोन्ही हातांनी पहार उचलली आहे आणि ती डोक्याच्या रोखानं येते आहे.

"हटा! पोरगं माझं हाय. मीच मारतो त्याला."

लखमा गर्दी फोडून आत घुसला होता. प्रभूची पहार त्यानं हिसकावून लांब फेकली, गठाणीखालचा लाकडी दांडा उचलला आणि जगनच्या पायांवर हाणला. मग पाठीवर. मग पुन्हा. जगननं आडवा धरलेला उजवा हात काडकन वाजला, तरी दांडा थांबेना. लखमाच्या तोंडाला फेस आला होता, तो काय बोलत होता ते कुणालाच कळत नव्हतं. माणसं मागं सरकली. कुणाच्याही हातात आता दगड उरला नव्हता.

शेवटी भावसिंगनंच त्याला मागून कवळ घातली. "लखमा, बास कर! मरून जाईल ना लेकरू!"

जगनला जीपमध्ये घालून हिंगोलीला नेलं. इकडं माणसांचा राग फाटकाकडं वळला. फाटक मोडलं, धाकट्या मालकाला ऑफिसातून ओढून चप्पल फाटेस्तोवर बडवलं, आणि कापसाच्या गंजीला कुणीतरी काडी लावली. कापूस धुमसत राहिला. पोलीस आले ते काठ्या चालवतच आले. भावसिंगचा डावा डोळा त्यात गेला. लखमाला चौकीत नेऊन तळपायांवर इतकं मारलं की सुटून आल्यावर कितीतरी दिवस तो भिंत धरून चालायचा.

घरी आला तरी तो पोराशी बोलला नाही. जगनची आई मिराबाई नवऱ्यापुढं भाकरी ठेवायची ती तोंड फिरवून. जगनची परीक्षा हुकली. हात वाकडा जुळला, खांद्याच्या वर उचलेना.

पावसाळ्यात पट्टा बसला. दसरा झाला आणि तांड्यावर ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक आला. भावसिंग एका डोळ्यानं चढला, प्रभू चढला. लखमा आणि मिराबाईचीही पेटी वर गेली. त्या वयात कोयता हाती धरायची पाळी त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती. जगन तेवढा मागं राहणार होता, परीक्षा पुन्हा द्यायला.

ट्रकपाशी त्यानं बापाला गाठलं.

"बा, लोक म्हणतात तू मला वाचवाया मारलं."

लखमा पटक्याचं टोक खोचत राहिला.

"खरं सांग. मला राग न्हाई यायचा."

"पयला फटका वाचवायासाठी मारला," लखमा म्हणाला. "बाकीचे न्हाई."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. लखमा चाकावर पाय देऊन वर चढला. खाली भांड्यांचं गाठोडं राहिलं होतं. जगननं ते डाव्या हातानं उचललं, पण एका हातानं ते फळीपर्यंत पोचेना. तेव्हा लखमा पोटावर पालथा पडला, दोन्ही हात खाली सोडले, आणि गाठोड्याबरोबर पोराचं मनगट घट्ट धरून राहिला. ट्रक हलला तसं जगनला चार पावलं पळावं लागलं, मग बापानं हात सोडला.