माशी दिसेना

"जागा सोडू नका रे! कोनी जागा सोडू नका!"

केसरीकाका ओरडत होता. आम्ही बारा जण नाल्याच्या वरच्या अंगाला पत्र्याचे डबे घेऊन उभे होतो. नुकतं उजाडलं होतं. भात पिवळं पडून वाकलेलं, बांधावरचं गवत दवानं इतकं भिजलेलं की गुडघ्यापर्यंत लेंगे ओले झाले होते.

पडघ्याच्या पुढं हमरस्त्याला लागून गोदामं उठली, त्याला आता दहा-बारा वर्षं झाली. टेकड्या कापल्या, झाडी गेली, आणि रानडुकरांना राहायला नाल्याकाठची करवंदीची एवढीशी जाळी उरली. तिथून ती रातोरात आमच्या भातात उतरायची. खायची थोडं, लोळायची फार. त्या साली माझं आठ गुंठं भात त्यांनी चिखलात घातलं होतं.

म्हणून वनखात्याची परवानगी काढली होती आणि खालच्या बांधावर बाळारामकाका रायफल घेऊन बसला होता. पीकराखणीचा परवाना त्याच्या बापापासूनचा. रायफलही बापाचीच, तीनशेपंधरा बोअरची, लाकडी दस्त्याची. तिला दुर्बीण वगैरे काही नाही. डोळ्याजवळ लोखंडी पट्टीत एक खाच आणि नळीच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढी माशी. खाचेत माशी धरायची आणि माशीवर जनावर. तीस वर्षांत बाळारामकाकाची गोळी वाया गेलेली आम्ही पाहिली नव्हती.

डबे वाजवणाऱ्या आम्हा हाकाऱ्यांचा म्होरक्या केसरीनाथ, म्हणजे केसरीकाका. तो आणि बाळारामकाका एका वयाचे, एकत्र वाढलेले. कोण कुठं उभं राहील हे केसरीकाका ठरवायचा आणि सगळ्यात वाईट जागा स्वतः घ्यायचा. नाल्याच्या वळणावर ऐनाचं झाड होतं, त्याच्या बुंध्याशी. डुकरं बिथरली तर तिथूनच पाड्याकडं फुटायची. त्यांना परत वळवायचं काम त्याचं. मी त्याच्यापासून वीस पावलांवर होतो.

डबे वाजले. जाळी हलली. एक काळा नर बाहेर पडला आणि सरळ बांधाकडं सुटला. गोळीचा आवाज झाला. डुक्कर मागच्या पायावर बसल्यासारखं झालं, किंचाळलं आणि उलटं फिरलं. पुढचं सगळं दोन श्वासांत झालं. केसरीकाकाचा डबा उडाला आणि तो आडवा झाला. डुक्कर जाळीत शिरलं ते पुन्हा कुणाला दिसलं नाही.

आम्ही धावलो. गुडघ्याच्या वरपासून पोटरीपर्यंत पाय उभा फाटला होता. तो ओरडला नाही. ऐनाच्या बुंध्याला धरून नुसता बघत होता.

दुपारी वनखात्याचा गार्ड पंचनाम्याला आला. त्यानं विचारलं, "गोळी लागली होती का जनावराला? जखमी केल्यावर अंगावर गेलं?"

बाळारामकाका म्हणाला, "लागलीच न्हाय, सायेब. केसऱ्या जागा सोडून फुडं आला. त्याला बघून डुकर बिथरला, आनि मी नळी वर केली."

गार्डनं माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही शेजारी होतात. बरोबर आहे हे?"

मी डुकराला बसताना पाहिलं होतं. केसरीकाका बुंध्यापासून हातभरही हलला नव्हता, हेही पाहिलं होतं. पण जखमी जनावर माणसावर गेलं म्हणून बाळारामकाकाचा परवाना गेला असता तर उरलेलं भात कोण राखणार होतं? मी म्हणालो, "व्हय."

केसरीकाका दोन महिने ठाण्याला दवाखान्यात होता. परत आला तो काठी घेऊन, गुडघा न वाकणारा पाय ओढत. तोवर गावात बोलणं पक्कं झालं होतं. म्हातारा हुशारी करायला गेला. दुसऱ्यांना जागा सोडू नका म्हणून ओरडायचा नि सोता सोडली. त्याचा मुलगा भाविक गोदामात टेम्पो चालवतो. तो चार माणसांत बापाला म्हणाला, "तुला कोनी सांगितला व्हता फुडं जायाला? आता बस घरात."

केसरीकाका बसला घरात. देवळाच्या पायरीवर यायचा, ते बंद झालं.

इकडं बाळारामकाकानंही रायफल हातात घेणं सोडलं. उन्हाळ्यात भेंडीत डुकरं शिरली तेव्हा म्हणाला कंबर दुखते. काकडीत शिरली तेव्हा म्हणाला काडतुसं जुनी झालीत. शेवटी त्याच्या बायकोनं, धोंडूबाईनं, मला घरी बोलावलं.

"रघू, याला भिवंडीला ने. चष्म्याच्या दुकानात."

"काय झालं, काकी?"

"रोज सकाळी परड्यात बसतो, रिकामी रायफल धरतो नि पान्याच्या टाकीवर नेम घेतो. मंग डोळं पुसतो. मंग परत धरतो. तांदळातला खडा दिसत न्हाय त्याला. मी विचारला तं अंगावर येतो."

बाळारामकाका दारात उभा होता. मला वाटलं आता भडकेल. पण तो तसाच वळला. परड्यात गेला आणि एक बांबूची काठी घेऊन आला. तिच्या एका टोकाला दोऱ्यानं काडीपेटीची काडी उभी बांधली होती.

"या काय?" मी काठीकडं बघत विचारलं.

"चल तू. सांगतो."

मोटारसायकलवर माझ्या मागं बसून त्यानं सांगितलं. ट्रकांच्या आवाजात मला अर्धं ऐकू येत होतं. "मागची खाच तं कवाच गेली. आता माशी पन गेली. बघाया गेला तं दोन दिसतात, कापूस पिंजल्यासारख्या. घरातला वाचायचा चष्मा लावला तं माशीबी धूसर, जनावरबी धूसर. बाप सांगायचा, जनावर धूसर झाला तरी चालंल, माशी साफ पायजे. माशी चुकली तं सगळा चुकला."

मी विचारलं, "मंग त्या दिवशी?"

भिवंडीच्या फाट्याशी त्यानं माझा खांदा धरला. मग म्हणाला, "त्या दिवशी मी अंदाजानं मारली."

चष्मेवाले प्रभाकर बाजारपेठेत जुने. पांढरा सदरा, बोलणं हळू. त्यांनी काठीकडं पाहिलं. "हे काय आणलंत?"

"डोळ्यापासनं त्या काडीपर्यंत," बाळारामकाकानं काठीचं टोक गालाला लावलं. "तेवढाच साफ दिसाया पायजे. जवळचा नको, लांबचा थोडा गेला तं जाऊ दे."

प्रभाकरांनी टेप लावून अंतर मोजलं. "एवढ्या अंतराचा चष्मा माझ्याकडं लूमवाले मागतात, कामतघरचे. तुटलेला धागा दिसत नाही म्हणून. तुम्ही लूमवर आहात?"

"न्हाय. शेतकरी."

प्रभाकरांनी पुढं विचारलं नाही. वाचायच्या नंबराच्या निम्मा नंबर त्यांनी लोखंडी फ्रेममध्ये घातला. मग एक काळी चकती उजव्या डोळ्यापुढं धरली. तिला मधोमध सुईएवढं भोक होतं.

"आता बघा. भोकातून काडी बघा, आणि तिच्या पलीकडं रस्त्यावरची ती पाटी बघा."

बाळारामकाका बराच वेळ काठी धरून बसला.

"दिसते," तो म्हणाला. "दोन्ही दिसतात."

"मोतीबिंदूची सुरुवात आहे. दोन-तीन वर्षं निघतील. काचेवर काळी पट्टी लावून तिला असंच भोक पाडा. फुकटातलं काम आहे."

येताना वाटेत आम्ही चहाला थांबलो. त्यानं बशी तोंडाला लावली आणि तशीच खाली ठेवली. "फुकटातला काम," तो म्हणाला. "वरीस आधी आलो असतो तं."

मी चहा पिऊन टाकला.

नवरात्र सरलं आणि भात पिकलं. या वेळी डुकरं मेघाली ताईच्या शेतात उतरली. नवरा नसलेली बाई, एकटीनं लावणी केलेली. तिच्या बांधावर उभं राहिलं की चिखलात लोंब्या तुडवलेल्या दिसायच्या आणि आंबूस वास यायचा. ती रडली नाही. बाळारामकाकाच्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "काका, कंबर दुखते का अजून?"

दुसऱ्याच पहाटे हाका निघाला. ऐनाच्या बुंध्याशी उभं राहायला कुणी तयार होईना. शेवटी मी उभा राहिलो. डबे वाजले, जाळी फुटली, आणि मोठा सुळेवाला नर सरळ माझ्यावर आला. लांब बांधावर बाळारामकाका दिसत होता. चष्म्याच्या एका काचेवर काळी पट्टी, गाल दस्त्याला लावलेला. तो हलेना. मला वाटलं, संपलं आता. मग आवाज झाला आणि डुक्कर माझ्यापासून दहा पावलांवर नाकानं माती उकरत पडलं. पुन्हा हललं नाही. गोळी कानामागं.

लोकांनी बाळारामकाकाला उचललं. सरपंच धावत आला. वनखात्याची माणसं डुक्कर पुरायला यायची होती, तोवर पोरं त्याच्याभोवती नाचत होती. काका म्हणत होता, "खाली ठेवा रे मना, खाली ठेवा." खाली ठेवल्यावर तो माझ्याकडं आला. "रघू, चल. केसऱ्याकडं जाचा हाय."

केसरीकाका ओट्यावर पाय लांब करून बसला होता. आम्हाला पाहून त्यानं काठी बाजूला केली, बसायला जागा दिली. त्याची बायको चंद्रा पाणी ठेवून आत गेली.

"आवाज ऐकला," केसरीकाका म्हणाला. "एकच गोळी. पडला?"

"पडला."

"बरा झाला."

बाळारामकाकानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "केसऱ्या, त्या दिवशी तू जागा सोडली नव्हतीस. गोळी लागली व्हती. मागं लागली, पुठ्ठ्यावर. मना माशी दिसत नव्हती. मी खोटा बोललो."

"मना ठावं हाय."

बाळारामकाकानं मान वर केली.

"ऐनाखालनं बांध दिसतो," केसरीकाका म्हणाला. "तू रायफल धरलीस, खाली घेतलीस, डोळं पुसलंस, परत धरलीस. तवाच मना कळला का याला दिसत न्हाय. मी पळालो असतो. पन मी पळालो असतो तं डुकर पाड्यात शिरला असता. सकाळची येळ, पोरा अंगनात."

"मंग बोलला का न्हायस? वरीस झाला!"

"तू बोलशील म्हनून." त्यानं पाय दोन्ही हातांनी उचलून थोडा सरकवला. "दवाखान्यात वाट बघितली. घरी आलो, वाट बघितली. भाविक माज्यावर ओरडला तवा तू समोरच्या दुकानात व्हतास. तवा पन वाट बघितली."

"माजी हिंमत झाली न्हाय, केसऱ्या."

"आज झाली. आज का झाली, मी सांगू? आज तुजा नेम परत आला. आज सांगून तुजा काय जात न्हाय."

बाळारामकाकानं टोपी परत डोक्यावर घातली. मग म्हणाला, "मी गावात सांगतो. देवळात, सगळ्यांम्होरं."

"सांग," केसरीकाका म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "आनि रघू, तू?"

मी पाण्याचा तांब्या उचलला होता. तो तसाच खाली ठेवला. "मी पन सांगतो, काका."

सोमवारी देवळात बैठक होती. बाळारामकाकाचा सत्कार ठेवला होता, शाल आणि नारळ. शाल अंगावर घालायच्या आधीच तो उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. डोळ्यांचं, गोळीचं, गार्डला दिलेल्या जबाबाचं. काही वगळलं नाही. मग मी उभा राहिलो आणि माझं सांगितलं. माझं सांगायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

भाविक खांबाला टेकून उभा होता. तो खाली मान घालून बाहेर निघून गेला.

सरपंच म्हणाला, "काका, बस तू. व्हतो असा. वय झाला का डोळं जानारच."

"पंचनाम्यात चुकीचा लिवला हाय," बाळारामकाका म्हणाला. "तो बदलाया पायजे. मी जबाब देतो."

"आनि मंग? तुजा लायसन जाईल. रायफल पोलीस ठान्यात जमा. डुकरा कोन मारंल, आम्ही?"

मागून कोणीतरी म्हणालं, "जुना कशाला उकरताय?"

मेघाली ताईसुद्धा म्हणाली, "काका, माजा अर्धा भात अजून उभा हाय. एवढा घरात येऊ दे, मंग काय कराचा तो कर."

"झाला गेला," सरपंच म्हणाला आणि त्यानं शाल बाळारामकाकाच्या खांद्यावर टाकली. त्यानं ती काढून पायरीवर ठेवली आणि नारळ न घेताच घरी गेला. लोकांनी नारळ फोडून वाटून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी कापणीला जाताना मी केसरीकाकाच्या ओट्यापाशी थांबलो. विळा माझ्या खांद्यावर होता. ऊन वर आलं होतं.

"सांगितला त्यानं?" त्यानं विचारलं.

"सगळा सांगितला. मी पन सांगितला."

"लोक काय बोलले?"

खोटं बोलायची मला आता सवय नको होती. "बोलले, झाला गेला."

केसरीकाका हसला. तोंडातल्या तोंडात नाही, चांगला मोठ्यानं हसला, इतका की चंद्राकाकी दारात येऊन बघायला लागली.

"मी चुकलो असा वाटला तवा वरीसभर बोलत व्हते," तो म्हणाला. "त्यो चुकला, तं झाला गेला."

मग त्यानं हातानंच मला जायची खूण केली. "जा, जा. भात कापून घे. पिकला हाय, गळंल."

मी गेलो. पंचनामा तसाच राहिला, आणि त्या साली गावाचं भात पुरं घरात आलं.