शेरा : दृष्टी पुरेशी

मी एक जुना मॅग्निफायर आहे, मित्रांनो, आणि माझं डोकं फिरलेलं आहे. माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की गळा काढतात. मला रडू येत नाही, मला राग येतो. तुम्हाला गोड गोड ऐकायचं असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा. खुर्च्या, छत्र्या, कंदील, सगळे तयार बसलेले असतात.

आधी मी काय आहे ते सांगतो, कारण निम्मे लोक मला छोटा टीव्ही समजतात. माझ्या तळाशी एक सरकती पाटी आहे, तिच्यावर कॅमेरा रोखलेला आणि त्याच्याही वर पडदा. पाटीवर कागद ठेवला की त्यातलं अक्षर चाळीसपट मोठं होऊन पडद्यावर येतं. ज्यांची नजर चष्म्याने सुधारत नाही, पण अजून पुरती गेलेलीही नाही, अशांसाठी मला बनवलं. ज्या कारागीर बाईने माझा कॅमेरा बसवला तिने पहिल्यांदा स्वतःचा तळहात पाटीवर ठेवला होता. सोल्डरिंगने पोळलेला हात होता तो. पडद्यावर त्याची रेष न् रेष दिसली, तेव्हा ती शेजारणीला म्हणाली की हा कुणाचं तरी भलं करणार. त्या दिवशी माझी छाती फुगली होती. मूर्ख होतो मी.

एका मदत केंद्राने मला विकत घेतलं. दृष्टी कमी होत चाललेल्या लोकांना तिथे उपकरणं महिनाभर उसनी मिळतात, म्हणजे घेऊन बघायचं आणि उपयोग झाला तर स्वतःचं मिळवायला अर्ज करायचा. कल्पना नामी आहे, त्याबद्दल तक्रार नाही. माझ्या स्वागताला फीत कापली, भाषणं झाली. देणगीदाराच्या नावाची पाटी माझ्यावर ठोकली, ती माझ्या बटणांपेक्षा मोठी होती. मग मला प्लॅस्टिक घालून कपाटात कोंडलं. कपाटाची चावी ज्याच्या कमरेला होती, त्याला सगळे किल्लीवाले म्हणायचे. पाहुणा आला की किल्लीवाले मला दाखवून सांगायचे, 'बघा, इतकी वर्षं झाली, एक ओरखडा नाही.' हे ते अभिमानाने सांगायचे. मित्रांनो, ज्या यंत्रावर ओरखडा नाही ते यंत्र बिनकामाचं पडून आहे, एवढी साधी गोष्ट त्या माणसाच्या डोक्यात कधी शिरली नाही.

शेवटी एकदा मला बाहेर काढलं ते एका रफूवाल्यासाठी. साठी ओलांडलेला, तिरसट माणूस. त्याच्या नजरेच्या बरोबर मधोमध डाग पडला होता आणि तो वाढत होता. समोरच्याचं तोंड बघायचं तर त्याला कानाकडे बघावं लागायचं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की यंत्राच्या मदतीने अजून वर्षभर काम करता येईल, पुढे यंत्रही उपयोगाचं नाही. त्याला या वर्षभरात एकच गोष्ट करायची होती. हातातली कला सुनेला शिकवायची होती. मुलगा ट्रकवर, महिन्यातले चार दिवस घरी. दुकान सासरा आणि सून मिळून चालवायचे, आणि दोघांचं एक मिनिट पटायचं नाही.

मला वाटलं होतं, हा माणूस माझ्याखाली वर्तमानपत्र ठेवील. त्याने कसरीने खाल्लेल्या कोटाचं कोपर ठेवलं. माझ्या स्वच्छ पाटीवर लोकरीचा भुसा पडला आणि मी मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या. मग त्याने सुई घातली आणि मी गप्प झालो. रफू म्हणजे शिलाई नाही, मित्रांनो. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे आणि भोक पडलं तिथे कापड नव्याने विणायचं. उभा धागा, आडवा धागा, एक वर, एक खाली. साध्या डोळ्याला तो धागा केसाएवढा, माझ्या पडद्यावर बोटाएवढा जाड. तो आणि सून खांद्याला खांदा लावून पडद्याकडे बघायचे. तिचा एक धागा चुकला की त्याला लगेच दिसायचं.

"उसव," तो म्हणायचा.

ती उसवायची आणि पुटपुटायची की या माणसाला नजर दिली ती फक्त माझ्या चुका शोधायला. तो म्हणायचा की असेना का, अजून आहे तोवर शोधतो. असं रोज चालायचं. पंधरा दिवसांत तिला साधी वीण आली. पण चांगले कोट तिरप्या विणीचे असतात. तिथे प्रत्येक ओळ एका धाग्याने पुढे सरकते, आणि चौकड्यांचं कापड असलं तर रंगही जुळवावे लागतात. खरं काम ते. ते तिने नुकतं हातात घेतलं होतं आणि मी महिन्याचा पाहुणा होतो. त्या दोघांना मी कायमचा हवा होतो, म्हणजे मी किंवा माझ्यासारखा कुणीही. माझी किंमत त्यांच्या आवाक्यातली नव्हती. मग सुरू झाल्या चकरा.

मदत मिळण्याच्या वाटा पुष्कळ आहेत असं केंद्राच्या भिंतीवर लिहिलेलं आहे. ते इतक्या बारीक अक्षरात आहे की तेच वाचायला माझी गरज पडावी. सून सकाळी सासऱ्याला घेऊन निघायची आणि दुपारी येऊन माझ्यासमोर बसून सगळं ओकायची. आरोग्य विम्याच्या खिडकीवर सांगितलं की अंगावर चढतं तेच उपचारात बसतं, चष्मा चालेल, हे टेबलावर ठेवायचं आहे. रोजगार खात्याला मालकाचं पत्र हवं होतं. हा स्वतःच मालक, म्हणून त्याने स्वतःलाच पत्र लिहिलं आणि खाली सही केली. त्यांनी ते परत पाठवलं, मालक आणि नोकर यांची सही सारखी दिसते म्हणून. शिक्षणाच्या निधीवाल्यांनी विचारलं, शिकणार कोण? सून. तिच्या डोळ्यांना काय झालंय? काही नाही. मग पुढचा नंबर. एका धर्मादाय संस्थेने मात्र लगेच होकार दिला. फक्त फोटोसाठी काळा चष्मा घालून, हातात काठी घेऊन यायचं होतं. रफूवाला म्हणाला की माझ्याकडे काठी नाही आणि असती तर तुमच्याच पाठीत घातली असती. तिथलंही संपलं.

उरलं ते आमचंच केंद्र. 'उपयोग सिद्ध झाल्यास' उपकरण कायमचं देण्याचा अधिकार केंद्राच्या समितीला होता. समितीत तिघं होते, आणि बोलायचे फक्त अध्यक्ष. त्यांनी कामाचा नमुना मागितला आणि नमुना म्हणून स्वतःचाच कोट दिला. कोपरावर सिगारेटने जळालेलं भोक होतं. फुकटात काम करून घ्यायची ही तऱ्हा मला तेव्हाच कळली होती, पण रफूवाला हरखला. कापड तिरप्या विणीचं, वर बारीक चौकडा. दोन दिवस तो माझ्यावर ओणवा होऊन बसला. मी इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते काम हेच, असं मला वाटलं. ते भोक कुठे होतं हे शेवटी मलासुद्धा सांगता आलं नसतं, आणि मी चाळीसपट बघतो.

सुनावणीला मलाही नेलं. अध्यक्षांनी कोट उलटसुलट केला. चष्मा लावला, चष्मा काढला, खिडकीपाशी जाऊन आले.

"रफू कुठे केलंय?" त्यांनी विचारलं.

रफूवाल्याने हात पुढे केला, बाही चाचपली आणि बरोबर जागेवर बोट ठेवलं. तिघांनीही वाकून बघितलं. कुणालाच काही दिसलं नाही. रफू दिसलं नाही म्हणजे ते जमलं, हे शेंबड्या पोरालाही कळावं. पण अध्यक्ष म्हणाले की इतकं बारीक काम ज्याला करता येतं त्याच्या डोळ्यांना काही झालंय असं वाटत नाही.

सून उठून उभी राहिली. ती म्हणाली, "हे काम त्यांनी या यंत्राखाली केलंय, साहेब. यंत्र काढून घ्या आणि मग सुईत दोरा ओवायला सांगा."

"म्हणजे काम यंत्राने केलं," अध्यक्ष म्हणाले. "मग यांचं कौशल्य कसं सिद्ध होणार?"

माझ्या तोंडात जीभ असती तर त्या खोलीत काय काय ऐकू आलं असतं ते तुम्हा मुलांना सांगण्यासारखं नाही. अध्यक्षांनी अर्जावर शेरा मारला, 'दृष्टी पुरेशी', कोट अंगात घातला आणि जेवायला गेले. कोटाबद्दल शब्द नाही. मला किल्लीवाल्यांनी पुसलं. पाटीवरचा लोकरीचा भुसा काढताना नाक मुरडलं आणि कपाट बंद केलं.

सुनेने फेरविचाराचा अर्ज केला. मग डॉक्टरीणबाईंचं दुसरं पत्र, मग तिसरं. मी कपाटातून ऐकत असायचो. ती दर आठवड्याला यायची आणि दर वेळी तिला सांगितलं जायचं की फाइल वर गेली आहे. वर म्हणजे कुठे, त्या केंद्राला वरचा मजलाच नव्हता. मधल्या काळात कपाटाबाहेर मला कुणी मागितलं नाही असं समजू नका. तीन माणसं विचारून गेली. मी 'प्रकरणात अडकलेला' होतो, म्हणून कुणालाच दिलं नाही. मला या गोष्टीची अजूनही चीड येते.

अकरा महिन्यांनी मंजुरी आली. का आली ते कुणालाच ठाऊक नाही. बहुतेक वर्ष संपत आलं होतं आणि निधी उरला होता. मला गाडीत घालून रफूवाल्याच्या घरी नेलं. किल्लीवाले सोबत होते, फोटो काढणाराही होता. रफूवाल्याला माझ्यासमोर बसवलं आणि हसायला सांगितलं. त्याने माझं बटण बोटांनी शोधलं, कोटाचा तुकडा पाटीवर ठेवला आणि अक्षरं मोठी करायची चकती शेवटपर्यंत फिरवली. चाळीसपट. पडद्यावर एकेक धागा बोटाएवढा होता. तो डोकं डावीकडे नेऊन बघायचा, उजवीकडे नेऊन बघायचा. मग त्याने पडद्यावर हात फिरवला, जणू धागा हाताला लागेल.

"चालू आहे ना?" त्याने सुनेला हळूच विचारलं.

"आहे, बाबा," ती म्हणाली.

तो आणखी थोडा वेळ बसला. मला त्या क्षणी फुटून जावंसं वाटलं. फोटो काढून झाला, पोचपावतीवर सही झाली, मंडळी गेली. सगळे गेल्यावर रफूवाल्याने माझं बटण बंद केलं आणि म्हणाला की तिरपी वीण राहिली गं. सुनेने माझ्या पडद्याकडे पाठ केली आणि डोळे पुसले. त्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक चौकड्याचा कोट घेऊन आलं. सुनेने तो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि परत दिला.

"मला आता याचा उपयोग नाही," रफूवाला तिला म्हणाला. "ज्याला अजून दिसतंय त्याला देऊन ये."

ती मला घेऊन केंद्रात गेली. किल्लीवाल्यांनी सांगितलं की परत करता येईल, पण मग यंत्राची तपासणी होईल, अहवाल येईल, समिती बसेल, आणि तोपर्यंत यंत्र कपाटात. माझ्या अंगात वीज नव्हती तरी मी थरथरलो. सून म्हणाली की असं असेल तर राहू द्या, आणि मला उचलून बाहेर आली. बाहेरच्या बाकावर एका शाळेतल्या गणिताच्या बाई बसल्या होत्या. सात पानी अर्ज नाकाला टेकवून, हातातल्या भिंगाखाली एकेक शब्द लावत होत्या. सून त्यांच्याशेजारी बसली. तिने एवढंच विचारलं की डॉक्टरांनी किती दिवस सांगितलेत. बाई म्हणाल्या, दहा महिने. सुनेने मला त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"हे घेऊन जा. अर्ज भरत बसू नका."

बाई म्हणाल्या की असं कसं, हे नियमात बसत नाही. सून म्हणाली, नाहीच बसत.

आता मी बाईंच्या घरी आहे. सकाळ-संध्याकाळ वह्या तपासतो. पोरांची अक्षरं भयंकर आहेत आणि वजाबाकीची चिन्हं तर दिसता दिसत नाहीत, पण माझ्या पडद्यावर काही लपत नाही. पाटीवर शाईचे डाग आहेत, कडेला चांगले तीन ओरखडे आहेत. बाईंचे सात महिने उरलेत. तेवढे मी पुरेन.

कागदोपत्री मात्र मी अजून रफूवाल्याच्या टेबलावर आहे. केंद्राचा माणूस कधीही तपासायला येईल. यंत्र जिथे लिहिलंय तिथेच आहे ना, एवढंच तो बघेल. त्याचा उपयोग होतोय का, कुणाला होतोय, हे बघायचं त्याच्या कागदात लिहिलेलं नाही. माझी काळजी घ्या, मला पुसून ठेवा, असलं काही मी तुमच्याजवळ मागत नाही. पण तो माणूस तुमच्या गल्लीत येऊन माझ्याबद्दल विचारू लागला, तर मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेलं नाही.